त्सावो की अंबोसेली? केनियाच्या सफरीचा व्यापारी हिशेब

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी आपल्या पश्चिम किनाऱ्याचा व्यापार शेकडो वर्षांचा आहे. मोसमी वाऱ्यावर गलबते जात आणि वारा फिरला की परतत. त्या ये-जा करण्याच्या खुणा तिथल्या स्वाहिली भाषेत आजही दिसतात. दुकानाला तिथे 'दुका' म्हणतात, हिशेबाला 'हेसाबू' म्हणतात आणि प्रवासाला 'सफारी'. आपण ज्याला सफर म्हणतो, तोच हा अरबी शब्द. म्हणजे सफारीचा मूळ अर्थ जनावरे पाहणे असा नाहीच, नुसता प्रवास असा आहे. हा अर्थ ध्यानात ठेवावा, कारण आजच्या विषयाची किल्ली त्यातच आहे.

औषधे, यंत्रे, कापड अशा मालाच्या निमित्ताने आपल्याकडील व्यापारी मंडळी नैरोबी आणि मोंबासाला जात असतात. या दोन्ही शहरांत कोकणी मुसलमानांची जुनी घरे आहेत, त्यामुळे नातेवाइकांकडे जाणारेही पुष्कळ. काम आटोपल्यावर दोन-तीन दिवस हाती उरतात. बायको-मुले बरोबर असली तर विषय हमखास निघतो की, आफ्रिकेपर्यंत आलोच आहोत तर हत्ती-सिंह पाहूनच जाऊ. मग एजंटाकडे चौकशी होते आणि तो दोन नावे पुढे करतो: अंबोसेली आणि त्सावो. दोन्हीकडे हत्ती, दोन्हीकडे सिंह आणि छापील पत्रकांतली चित्रेही सारखीच. कोणते घ्यावे?

मसाई मारा हे नाव सर्वांत गाजलेले आहे, हे खरे. पण रस्त्याने ते नैरोबीहून लांब पडते आणि मोंबासाहून तर फारच लांब. तीन रात्रींपेक्षा कमी वेळात ते नीट होत नाही. म्हणून कामाला जोडून सफर करणाऱ्यांसाठी आम्ही ते बाजूला ठेवले आहे. उरलेल्या दोघांपैकी एक कसे निवडावे, याचा हिशेब आज मांडत आहोत.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कोणत्या उद्यानात जनावरे जास्त, हा प्रश्न पहिला नाही. तुमचे काम कोणत्या शहरात संपते आणि हातात रात्री किती आहेत, हा पहिला प्रश्न आहे. याचे उत्तर न काढता जो पैसे भरतो, तो जनावरांचे पैसे देऊन रस्ता पाहून येतो.

दोन उद्याने, दोन स्वभाव

अंबोसेली आकाराने लहान आहे. क्षेत्रफळ ३९२ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहूनही थोडे कमीच. १९७४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जमीन सपाट, उघडी आणि धुळीची. दक्षिणेला, टांझानियाच्या हद्दीत, किलिमांजारो हा ५,८९५ मीटर उंचीचा आफ्रिकेतला सर्वांत उंच डोंगर उभा आहे. त्याच्यावर पडणारे पाणी जमिनीखालून झिरपत येते आणि अंबोसेलीच्या मध्यभागी दलदलींच्या रूपाने वर येते. आजूबाजूला रखरखाट आणि मध्ये बारमाही हिरवी दलदल, अशी तिथली रचना आहे.

त्सावो हा अगदी दुसऱ्या टोकाचा प्रकार. १९४८ साली ते स्थापन झाले आणि कारभाराच्या सोयीसाठी त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. नैरोबी-मोंबासा रस्ता आणि रेल्वे या दोन भागांच्या मधून जातात. दोन्ही भागांचे क्षेत्रफळ मिळून २० हजार चौरस किलोमीटरहून अधिक भरते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे एकत्र केले तर साधारण तेवढी जमीन होईल.

पूर्व त्सावो बहुतेक सपाट, काटेरी झुडपांचा आणि लाल मातीचा आहे. तिथले हत्ती ती माती अंगावर उडवून घेतात, म्हणून विटेसारखे तांबडे दिसतात. गलाना नदी, लुगार्डचा धबधबा, अरुबा धरण आणि मुदांडाचा लांबलचक खडक ही तिथली मुख्य ठिकाणे. पश्चिम त्सावो डोंगराळ आणि दाट आहे. तिथे म्झिमाचे झरे आहेत. च्युलू टेकड्यांत मुरलेले पाणी तिथे स्वच्छ होऊन बाहेर पडते, त्यात पाणघोडे आणि मगरी राहतात, आणि त्याच पाण्याचा नळ मोंबासापर्यंत नेलेला आहे. जवळच काळ्या लाव्हाचे एक पसरट मैदान आहे, त्याला 'शेतानी' म्हणतात. ज्वालामुखीची आग पाहून लोकांना जमिनीतून शैतान वर आला असे वाटले, म्हणून हे नाव पडले. शब्द आपल्या ओळखीचाच आहे.

गोदामातला माल आणि फळीवरचा माल

केनियात २०२१ साली जनावरांची देशभर गणना झाली. तीत ३६,२८० हत्ती मोजले गेले आणि त्यांतला सर्वांत मोठा हिस्सा त्सावोच्या परिसरातला होता. अंबोसेलीचे हत्ती त्या मानाने फार थोडे. हे आकडे वाचून कोणीही म्हणेल की, हत्ती पाहायचे तर त्सावोलाच जावे.

पण व्यापाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. गोदामात माल किती आहे, याने गिऱ्हाइकाचे समाधान होत नसते. फळीवर काय मांडले आहे ते तो पाहतो. त्सावो हे मोठे गोदाम आहे. माल अमाप, पण जिल्ह्याएवढ्या जागेत पांगलेला आणि झुडपांच्या आड. अंबोसेली हे लहान दुकान आहे. माल कमी, पण सगळा समोर मांडलेला. पाणी एकाच जागी असल्यामुळे हत्तींचे कळप सकाळी बाहेरच्या माळावरून दलदलीकडे येतात आणि संध्याकाळी परततात. झाडी कमी असल्याने ते दुरूनही दिसतात. एका सकाळीच शे-दीडशे हत्ती पाहायला मिळणे तिथे नवलाचे नाही. तिथल्या हत्तींवर १९७२ पासून सलग संशोधन चालू आहे. अनेक हत्ती संशोधकांना कुटुंबासकट, नावानिशी माहीत आहेत. पिढ्यान्पिढ्या मोटारी पाहिल्यामुळे ते बुजत नाहीत.

म्हणून ज्यांच्याजवळ एकच रात्र आहे, किंवा बरोबर लहान मुले आणि वयस्कर माणसे आहेत, त्यांना अंबोसेली जास्त पदरात टाकते. ज्यांच्याजवळ दोन-तीन रात्री आहेत, ज्यांना गर्दी नको आणि वाट पाहण्याचा धीर आहे, त्यांना त्सावो आवडेल. तिथे तासभर गाडी फिरवून काही दिसत नाही, आणि मग वळणावर तांबड्या हत्तींचा कळप रस्ता अडवून उभा असतो. आसपास दुसरी मोटारही नसते.

गेंडा पाहायचाच असेल तर अंबोसेलीत तो नाही. पश्चिम त्सावोत न्गुलिया येथे १९८६ पासून काळ्या गेंड्यांसाठी राखीव कुंपण आहे. तिथे जाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आधी विचाराव्यात. सिंह दोन्हीकडे आहेत, पण ते दिसतीलच अशी हमी कोणी देत असेल तर त्या एजंटापासून दूर राहावे. जनावर कोणाच्या करारात बांधलेले नसते.

वाटेचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. मोंबासाहून पूर्व त्सावोचे वोई हे प्रवेशद्वार दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर आहे. सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला मुक्कामावर पोहोचता येते. तेच वोई नैरोबीहून सुमारे ३३० किलोमीटर, म्हणजे दुपटीहून अधिक दूर. याउलट नैरोबीहून अंबोसेली सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. मोंबासा रस्त्याने एमालीपर्यंत जावे आणि तिथून दक्षिणेला वळावे. डांबरी रस्ता उद्यानाच्या किमाना दरवाजाच्या बाजूला नेतो. चार-पाच तासांचे काम. पण मोंबासाहून अंबोसेली गाठायचे तर दिवस रस्त्यातच जातो.

यातून साधा नियम निघतो. काम मोंबासात संपत असेल तर पूर्व त्सावो. काम नैरोबीत संपत असेल तर अंबोसेली. पश्चिम त्सावोचा म्तितो अंदेई दरवाजा नैरोबीहून सुमारे २४० किलोमीटरवर, थेट महामार्गावर आहे. म्हणून नैरोबीहून डोंगर, झरे आणि गेंडे पाहायचे असतील तर तोही पर्याय होऊ शकतो.

रेल्वेचाही विचार करावा. नैरोबी-मोंबासा नवी स्टँडर्ड गेज रेल्वे २०१७ साली सुरू झाली. तिच्या थांबत जाणाऱ्या गाडीला एमाली, म्तितो अंदेई आणि वोई ही स्थानके आहेत. महामार्गावर बंदरातून येणाऱ्या कंटेनर ट्रकांची रांग न संपणारी असते, त्यामुळे वोईपर्यंत रेल्वेने जाऊन तिथे सफारीची मोटार घेणे हे पुष्कळदा स्वस्त पडते आणि जिवाला आरामही मिळतो. एक लक्षात ठेवावे की मोंबासाचे नवे स्थानक शहराबाहेर मिरितिनीला आहे आणि नैरोबीचे स्योकिमाऊला. दोन्हीकडे शहरातून पोहोचण्यासाठी वेळ धरावा.

ज्यांचे काम दोन्ही शहरांत आहे, त्यांच्यासाठी सर्वांत चांगली वाट वेगळीच आहे. नैरोबीहून अंबोसेली, तिथून शेतानीच्या बाजूने पश्चिम त्सावो, मग महामार्ग ओलांडून पूर्व त्सावो आणि शेवटी मोंबासा. तीन ते चार रात्री लागतात, एकही रस्ता दुसऱ्यांदा तुडवावा लागत नाही आणि निवड करण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र मोटार मोंबासाहून नैरोबीला रिकामी परतणार, तिचे भाडे तुमच्या बिलात लागते. ट्रकचा परतीचा फेरा रिकामा गेला की काय होते, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. ती रक्कम किती, हे आधी विचारून मग घासाघीस करावी.

त्सावोचा पूल

त्सावोला जाणाऱ्याने एक गोष्ट माहीत करून घ्यावी. १८९६ साली इंग्रज सरकारने मोंबासाहून आत रेल्वे टाकायला घेतली. ती १८९९ साली नैरोबीच्या जागी आणि १९०१ साली व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पोहोचली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार माणसे नेली गेली. बहुतेक पंजाबची, मुसलमान, शीख, हिंदू सगळेच होते. त्यांत बेलदार होते, तसेच गवंडी, सुतार, लोहार असे कारागीरही होते. सुमारे अडीच हजार माणसे परत आली नाहीत. बहुतेकांना तापाने, हगवणीने आणि अपघातांनी नेले.

१८९८ साली त्सावो नदीवर पुलाचे काम चालू असताना दोन सिंह मजुरांच्या तंबूंत शिरून माणसे उचलून नेऊ लागले. मार्चपासून डिसेंबरपर्यंत हे चालले आणि काही काळ काम बंद पडले. पुलावरचा इंजिनिअर पॅटरसन याने डिसेंबरमध्ये दोन्ही सिंह मारले. रेल्वेने २८ हिंदी मजूर मेल्याचे नोंदवले, पॅटरसनने पुढे १३५ हा आकडा सांगितला, आणि २००९ साली शास्त्रज्ञांनी त्या सिंहांची हाडे व केस तपासून सुमारे ३५ असा अंदाज केला. आफ्रिकी मजूरही त्यांत होते, पण त्यांची मोजदाद कोणी नीट ठेवली नाही. ते दोन्ही सिंह आज शिकागोच्या फील्ड संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेले आहेत. पत्रकांत हे सिंह मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. ज्यांच्या हातांनी तो पूल झाला, त्यांची आठवण आपण ठेवावी.

खर्च कसा बनतो

एजंट एकच आकडा सांगतो. त्याचे दोन भाग पाडून मागावेत. पहिला भाग मोटारीचा: गाडी, ड्रायव्हर, इंधन. तो माणसे दोन असोत की सहा, तितकाच राहतो. दुसरा भाग माणशी: उद्यानाची फी, खोली आणि जेवण. तो डोकी वाढली की वाढतो.

उदाहरण घेऊ. पुढील आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत. समजा, मोटार दिवसाला २०० डॉलर आणि माणशी रोजचा खर्च २०० डॉलर. दोन दिवसांसाठी दोघे गेले, तर मोटारीचे ४०० डॉलर दोघांत वाटून माणशी २०० आणि वर ४००, असे माणशी ६०० डॉलर झाले. तेच पाच जण गेले, तर मोटारीचा वाटा माणशी ८० आणि वर ४००, म्हणजे ४८०. माणशी १२० डॉलर वाचले. म्हणून एकट्या-दुकट्याने जाण्यापेक्षा ओळखीच्या दुसऱ्या कुटुंबाबरोबर मोटार वाटून घ्यावी. सहाहून जास्त माणसे मात्र एका मोटारीत कोंबू नयेत. खिडकी न मिळालेल्या माणसाने पूर्ण पैसे देऊन समोरच्याची पाठ पाहायची, यात फायदा नाही.

आता हेच ६०० डॉलर घेऊन मोंबासाहून दोन दिवसांसाठी त्सावोला गेलात, तर पहिल्या दिवसाची संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ, अशा दोन पूर्ण फेऱ्या मिळतात. तेवढ्याच पैशांत, तेवढ्याच दिवसांत अंबोसेलीला गेलात, तर पोहोचेपर्यंत अंधार पडायला येतो आणि दुसऱ्या दिवशी एक सकाळ पाहून लगेच निघावे लागते. पैसे तेवढेच, माल निम्मा. नैरोबीहून वोईला जाणाऱ्याची गतही हीच. आम्ही वाटेवर एवढा भर देतो तो यासाठी.

फीबद्दल दोन गोष्टी. परदेशी माणसाची फी डॉलरमध्ये, माणशी आणि दिवसागणिक असते. अंबोसेलीची फी त्सावोपेक्षा जास्त आहे. दर बदलत असतात, म्हणून केनियाच्या वन्यजीव खात्याचा त्या दिवशीचा दर पाहूनच एजंटाचा आकडा मान्य करावा. दरवाजावर रोख पैसे चालत नाहीत, भरणा ऑनलाइन होतो. मुलांची फी कमी असते. ती सवलत तुमच्या बिलात उतरली आहे की एजंटाच्या खिशात, हे पाहावे. मुक्काम उद्यानाबाहेर असेल तर बाहेर पडून पुन्हा आत जाताना नवी फी लागते का, हेही विचारून ठेवावे. अंबोसेलीभोवतीच्या मसाई लोकांच्या जमिनींवर खासगी राखीव क्षेत्रे आहेत. तिथे राहिल्यास त्यांची फी वेगळी असू शकते.

महिना कोणता

आपल्याकडची सुट्टी आणि तिथला हंगाम यांचे जुळत नाही. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे या काळात पडतो, त्याला तिथे 'मसिका' म्हणतात. लहान पाऊस, म्हणजे 'वुली', ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली उन्हाळ्याची सुट्टी मोठ्या पावसात सापडते आणि दिवाळीची लहान पावसात. पाऊस झाला की त्सावोत जागोजागी पाणी साचते, जनावरे पांगतात आणि गवत वाढून ती दिसेनाशी होतात. अंबोसेलीत चिखल होतो आणि किलिमांजारो ढगांत दडतो. त्या दिवसांत खोल्या स्वस्त मिळतात, पण त्या का स्वस्त आहेत हे ओळखून घ्याव्यात.

जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपच्या सुट्ट्यांमुळे दर चढतात. कोरड्या दिवसांत अंबोसेलीत धूळ फार, दम्याच्या माणसाने तोंडाला रुमाल ठेवावा. किलिमांजारो पाहायचा तर पहाटे उठावे; दिवस वर आला की ढग शिखर झाकतात, संध्याकाळी कधी पुन्हा मोकळे होते.

जेवण आणि नमाज

मोंबासात आणि सगळ्याच किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आहे, तिथे हलाल जेवणाची अडचण नाही. उद्यानातल्या लॉजवर मात्र काहीही गृहीत धरू नये. तिथले जेवण बहुधा मांडून ठेवलेले असते आणि त्यात डुकराचे मांसही असू शकते. मांस कोठून येते, हे बुकिंगच्या वेळी लेखी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. समाधान झाले नाही तर भाजी, डाळ, अंडी, फळे यांवर दोन दिवस सहज निघतात.

विषुववृत्त जवळ असल्याने सूर्योदय आणि सूर्यास्त वर्षभर सहा-साडेसहाच्या आसपास असतात. जनावरे पाहण्याची वेळ सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची. फजर खोलीवर पढून निघता येते आणि मगरिबच्या सुमारास परत येणे होते. अडचण असरची. वाटेत मोटारीतून कुठेही उतरण्यास मनाई आहे आणि ती जिवासाठीच आहे. उतरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: अंबोसेलीत निरीक्षण टेकडी, पूर्व त्सावोत लुगार्डचा धबधबा आणि मुदांडा खडक, पश्चिम त्सावोत म्झिमाचे झरे. निघतानाच ड्रायव्हरला सांगितले तर तो त्याप्रमाणे फेरी आखतो. किब्ला तिथे आपल्यासारखा पश्चिमेला नसून जवळजवळ उत्तरेला आहे. अंबोसेलीत किलिमांजारोकडे पाठ केली की दिशा साधारण बरोबर येते.

कागदपत्रे आणि सामान

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली. ती निघण्यापूर्वी काढावी लागते. तिच्यावर टांझानियात जाता येत नाही. किलिमांजारो समोर दिसला तरी तो दुसऱ्या देशात आहे.

सर्वांत महत्त्वाचा कागद पीतज्वराच्या लशीचा. केनियाहून भारतात परतणाऱ्याकडे हा दाखला नसेल, तर विमानतळावरून त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते. दोन्ही उद्यानांत हिवतापाचा धोका आहे. गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे.

सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधण्याची आपली सवय तिथे महागात पडते. केनियात अशा पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी असून दंड जबर आहे. राष्ट्रीय उद्यानांत जून २०२० पासून एकदा वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिक बाटल्याही चालत नाहीत. कापडी पिशव्या आणि धातूची बाटली न्यावी.

खरेदीबाबत एकच इशारा. एके काळी आफ्रिकेचा हस्तिदंत मुंबईच्या बाजारात उतरत असे आणि आपले कारागीर त्यावर काम करीत. १९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. त्याच वर्षी केनियाच्या अध्यक्षांनी नैरोबीत सुमारे बारा टन हस्तिदंत जाहीरपणे जाळला. भारतातही १९९१ च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताचा धंदा बेकायदा ठरला. कोणी हळूच दात, हाड किंवा कातडे दाखवले, तर हातही लावू नये. कांबा कारागिरांचे लाकडी कोरीव काम, किसीच्या मऊ दगडाच्या वस्तू आणि मसाई बायकांचे मण्यांचे काम पाहण्याजोगे आहे. कारागिराला तिथे 'फुंडी' म्हणतात. त्याच्याशी त्याच्या हत्यारांबद्दल बोलावे, भाव आपोआप खाली येतो.

पैसे भरण्यापूर्वी

एजंटाकडे केनियाच्या पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना आहे का, ते पाहावे. मग कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: मोटार कोणती आणि ती फक्त आपल्यासाठी की वाटून, मुक्काम उद्यानाच्या आत की बाहेर, फी किती दिवसांची धरली आहे, फेऱ्या किती, आणि परतीच्या दिवशी निघण्याची वेळ. यातली पाचवी गोष्ट बहुतेक लोक विचारीत नाहीत. नाश्त्यानंतर लगेच निघायचे असेल तर शेवटचा दिवस सफारीचा नाही, रस्त्याचा आहे, आणि त्याचे पैसे तुम्ही देत आहात.

थोडक्यात सांगायचे तर, मोंबासात असाल तर पूर्व त्सावो, निदान एक रात्र, शक्यतो दोन. नैरोबीत असाल आणि एक-दोन रात्री असतील तर अंबोसेली. दोन्ही शहरांत काम असेल तर दोन्ही उद्याने एकाच वाटेत ओवावीत. आणि नैरोबीत अर्धाच दिवस मोकळा असेल तर दोन्हींचा नाद सोडावा. शहराला लागूनच ११७ चौरस किलोमीटरचे नैरोबी राष्ट्रीय उद्यान आहे. हत्ती तिथे नाहीत, पण सिंह आणि गेंडे आहेत. सकाळी सहाला आत शिरलेला माणूस दुपारच्या जेवणाला पुन्हा बाजारात हजर होतो.